परीक्षणाच्या शेवटची ती एक ओळ: प्रमाणपत्र आणि समीक्षकाचा विनोद

शेवटची रांग (धागालेखक)

नमस्कार मंडळी. चित्रपटाचे परीक्षण तळापासून वर वाचण्याची मला सवय आहे. ती लागली न्यू जर्सीत शिकत असताना. विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'न्यूयॉर्क टाइम्स' फुकट वाचायला मिळत असे आणि त्यातील परीक्षणाच्या शेवटी, बारीक ठशात, एक छोटा परिच्छेद असे. आधी चित्रपटाचे नाव, मग 'पीजी-१३' (तेरा वर्षांखालील मुलांबद्दल पालकांना खबरदारीचा इशारा) किंवा 'आर' (सतरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबतच प्रवेश) असा त्याचा वर्ग, कंसात त्या वर्गाचा अधिकृत अर्थ आणि सर्वांत शेवटी समीक्षकाने स्वतः लिहिलेले एखादे वाक्य, की या चित्रपटात मुलांपासून जपावे असे नेमके काय आहे. ए. ओ. स्कॉट आणि मनोला दार्गिस यांच्यासारखे समीक्षक वर हजारभर शब्द गंभीरपणे लिहीत आणि या शेवटच्या वाक्यात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, असा चिमटा काढत की ग्रंथालयात हसू दाबणे अवघड होई.

त्या वाक्याची घडण अशी, की सूर सरकारी कारकुनाचा ठेवायचा, गुन्ह्यांची यादी करायची आणि यादीतली शेवटची वस्तू भलतीच ठेवायची. नमुना माझाच आहे, कोणा समीक्षकाचा नव्हे: 'या चित्रपटात गोळीबार, रक्तपात आणि वरपक्षाशी झालेली बोलणी आहेत.' अलीकडे ती तळटीप आखूड झाली आहे. वर्ग, लांबी आणि चित्रपट कुठे पाहता येईल एवढ्यावर भागवतात, तरी मधूनच कोणीतरी जुनी खोड काढतो.

आपल्या मराठी परीक्षणांत साडेतीन तारे असतात, 'एकदा पाहायला हरकत नाही' असते, पण अशी ओळ मी कधी वाचलेली नाही. म्हणून दोन प्रश्न मांडतो. पालक ज्या माहितीवर विसंबतात तिच्याशी अशी थट्टा करणे योग्य आहे का? आणि योग्य असेल, तर आपल्याकडे ती कोणी का करत नाही?


इंद्रायणीकाठ

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. आपल्याकडे परीक्षण शेवटपर्यंत वाचणारे तुम्ही एकटेच आहात, आणि तेही उलट्या बाजूने.


कात्रीवाला

धागा आवडला. १९९६ च्या 'ट्विस्टर' या वादळपटाला 'अतिशय वाईट हवामानाच्या तीव्र चित्रणाबद्दल' पीजी-१३ मिळाल्याचे मी कुठेतरी वाचले होते. ते याच मंडळींपैकी कोणाचे वाक्य होते का?


शेवटची रांग

नाही, आणि खरी गंमत तीच आहे. ते वाक्य अमेरिकेच्या वर्गीकरण मंडळाचे स्वतःचे, अधिकृत आहे. १९९० पासून मंडळाने वर्गाबरोबर कारणही द्यायला सुरुवात केली, आधी 'आर' वर्गाला आणि पुढे 'पीजी' (पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असा) व 'पीजी-१३' यांना. कारण एका वाक्यात बसवायचे असल्यामुळे मंडळाच्या हातून नकळत साहित्यनिर्मिती होऊ लागली. २०१० च्या 'ॲलिस इन वंडरलँड'च्या कारणांत 'धूम्रपान करणारा सुरवंट' आहे. २००४ च्या 'टीम अमेरिका'ला आर वर्ग देताना अश्लील विनोद, हिंसक दृश्ये आणि शिवराळ भाषा हे सगळे नोंदवून झाल्यावर 'हे सर्व बाहुल्यांच्या संदर्भात' अशी पुस्ती जोडली आहे. १९९५ च्या 'जेफरसन इन पॅरिस'च्या खात्यावर 'चावट बाहुलीनाट्य' जमा आहे.


बोरूबहाद्दर

बाहुल्यांवर मंडळाचा एवढा राग का असावा, हा एका स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.


दोन मुलींची आई

मी एडिसनला राहते, म्हणजे धागालेखकांच्या जुन्या गावाजवळच. गंमत बाजूला ठेवून थोडे लिहिते.

थोरली मुलगी आठ वर्षांची असताना तिला एका चित्रपटाला नेले. वर्ग पीजी होता आणि कारण म्हणून छापले होते 'विषयाशी निगडित काही घटक'. हा शब्दप्रयोग इथे अर्ध्याअधिक कौटुंबिक चित्रपटांवर असतो आणि त्याचा अर्थ काय ते देवालाच ठाऊक. कुठल्या चित्रपटात विषयाशी निगडित घटक नसतात? पहिल्या पंधरा मिनिटांत त्या गोष्टीतल्या मुलाची आई आजारी पडून वारली. पुढचा आठवडाभर माझी लेक रात्री उठून मी श्वास घेते आहे की नाही ते पाहायला येत होती. मला साधी शिंक आली तरी तिचा चेहरा उतरत असे.

त्या दिवशी जर एखाद्या समीक्षकाने लिहिले असते, की 'आई पहिल्या भागातच जाते आणि मग दीड तास कोणी धड जेवत नाही', तर मी हसले असते आणि घरी थांबले असते. म्हणून माझी विनोदाला हरकत नाही. हरकत आहे ती वाचकाला काहीच न सांगता स्वतःची हुशारी दाखवणाऱ्या विनोदाला. तसली वाक्येही मी पुष्कळ वाचली आहेत. हसू येते, पण मुलीला न्यावे की नाही ते कळत नाही.


शेवटची रांग

ताई, माझ्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपण दिले आहे. मुळात हे वर्गीकरण पालकांसाठीच सुरू झाले. त्याआधी हॉलिवूडमध्ये १९३४ पासून कडकपणे राबवलेली एक आचारसंहिता होती आणि तिच्यात 'चालेल' किंवा 'चालणार नाही' एवढेच असे. अमेरिकेतील चित्रपट कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांच्या पुढाकाराने १ नोव्हेंबर १९६८ पासून जी, एम, आर, एक्स असे, सर्वांसाठी ते फक्त प्रौढांसाठी, चढत्या क्रमाचे वर्ग आले. सूत्र असे होते, की आम्ही कापणार नाही, फक्त सांगू. मंडळावर बसणारे लोकही पालकच असावेत असा दंडक आहे आणि त्यांची नावे गुप्त ठेवली जातात. ती गुप्तता एवढी, की २००६ मध्ये एका माहितीपटकाराने ही नावे शोधण्यासाठी खासगी गुप्तहेर नेमला होता.

आता आपल्या अभिमानाची गोष्ट. पीजी-१३ हा वर्ग १९८४ च्या जुलैत आला. 'इंडियाना जोन्स'च्या दुसऱ्या भागावर आणि 'ग्रेमलिन्स'वर पालक संतापले होते. हे चित्रपट पीजी म्हणून दाखवण्यात आले होते आणि मुले घाबरून घरी जात होती. तेव्हा स्टीव्हन स्पिलबर्ग यांनीच पीजी आणि आर यांच्यामध्ये एक पायरी असावी असे सुचवले. ज्या दृश्याची सर्वाधिक ओरड झाली त्यात जिवंत माणसाचे काळीज हाताने उपसून काढले जाते. तो हात अमरीश पुरींचा आहे.


इंद्रायणीकाठ

म्हणजे अमेरिकेतील चार दशकांच्या पालकत्वाला वळण लावण्याचे श्रेय मोगँबोला आहे. तो खूश झाला असेल.


मध्यंतर

मी सत्तरीच्या घरात आहे. तरुणपणी आमच्या तालुक्याच्या गावी एका चित्रपटगृहात द्वारपाल होतो, पुढे तिथेच व्यवस्थापक झालो. आपण सगळे प्रमाणपत्राकडे इशारा म्हणून पाहता आहात. आमच्याकडे ती जाहिरात होती.

'फक्त प्रौढांसाठी' ही पाटी आमचा पेंटर चित्रपटाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवीत असे, आणि मालक खाली उभा राहून 'अजून थोडे लाल' असे सांगत. एकदा एका अगदी सोवळ्या सामाजिक चित्रपटाला, बहुधा दारू आणि मारहाण यांमुळे, 'ए' मिळाले होते. त्याला पहिल्या तीन दिवसांत तुडुंब गर्दी झाली. चौथ्या दिवशी बाहेर पडणारी माणसे आमच्याकडे अशी पाहू लागली, जणू आम्ही त्यांच्या ताटातले श्रीखंड काढून घेतले होते. एक गृहस्थ तर मला विचारून गेले, की 'अहो, यात प्रौढांसाठी नक्की काय होते?' माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण प्रमाणपत्रावर एक अक्षर होते आणि त्यापुढे काहीही लिहिलेले नव्हते.

दारावर माझे मुख्य काम मुलांना अडवण्याचे. नववी-दहावीची पोरे कोळशाने मिशा काढून येत. मी त्यांना एकच प्रश्न विचारी, 'गॅसचा नंबर लागला का?' खरा प्रौढ माणूस त्या विषयावर किमान पाच मिनिटे बोलत असे.


कात्रीवाला

मध्यंतरकाका, दंडवत. आधार कार्डाच्या आधी वय ओळखण्याची याहून अचूक पद्धत झाली नसेल.


टेम्सकाठचा देशस्थ

ब्रिटनमधील वर्गीकरण मंडळ १९१२ चे आहे आणि १९८४ मध्ये त्याने आपल्या नावातील 'सेन्सॉर' हा शब्द काढून 'वर्गीकरण' हा शब्द घेतला. कारणे देण्याच्या बाबतीत हे लोक अमेरिकेपेक्षाही काटेकोर आहेत. 'सौम्य धोका', 'सौम्य धाक' असे त्यांचे ठरलेले शब्द असतात आणि ते वाचताना आपण हवामानखात्याचा अंदाज वाचतो आहोत असे वाटते.

२०१४ मध्ये पॅडिंग्टन अस्वलाच्या चित्रपटाला पीजी देताना त्यांनी 'सौम्य लैंगिक उल्लेख' असे कारण छापले. मार्मालेड खाणाऱ्या, डफल कोट घातलेल्या अस्वलावर हा आरोप आल्यामुळे देशभर हशा पिकला. वितरकांनी विनंती केल्यावर मंडळाने ते शब्द बदलून 'सूचक विनोद' असे केले. या प्रकरणात मंडळ अगदी गंभीर होते, आणि म्हणूनच सगळे हसले.

दुसरा किस्सा याहून मोठा आहे, सर्व अर्थांनी. इथे मंडळाकडे चित्रपट दाखल करायचा तर मिनिटागणिक शुल्क भरावे लागते आणि छोट्या निर्मात्यांना ते जड जाते. त्याच्या निषेधार्थ चार्ली लाइन या समीक्षकाने लोकवर्गणी काढली आणि भिंतीवरचा पांढरा रंग वाळतानाचा दहा तास सात मिनिटांचा चित्रपट सादर केला. जितकी वर्गणी जमेल तितकी लांबी, असा हिशेब होता. नियमाप्रमाणे मंडळाच्या परीक्षकांना तो पूर्ण पाहणे भाग होते आणि त्यांनी तो दोन दिवस बसून पाहिला. २०१६ च्या जानेवारीत त्याला 'यू' मिळाले. कारणाच्या जागी लिहिले होते, की दुखावणारे किंवा अपायकारक असे यात काही नाही.


बोरूबहाद्दर

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यातील रंग दोन वर्षे वाळतो आहे. त्याला मात्र 'ए' द्यावे लागेल, कारण त्यासंबंधी सर्वसाधारण सभेत वापरली गेलेली भाषा.


वकीलसाहेब

धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे आपल्याकडे हे का नाही या प्रश्नाला, मध्यंतरकाकांनी नकळत हात घातला आहे. तो पुढे नेतो.

आपल्याकडे १९५२ च्या कायद्याखाली आधी 'यू' आणि 'ए' असे दोनच वर्ग होते. १९८३ मध्ये 'यूए' आणि 'एस' यांची भर पडली. 'एस' म्हणजे डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ अशा विशिष्ट व्यावसायिकांपुरता. असा चित्रपट पाहिलेला मनुष्य मला अजून भेटायचा आहे. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे वयाप्रमाणे सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग झाले. ही सगळी अक्षरे आणि आकडे आहेत. प्रेक्षकासमोर काही सेकंद जे प्रमाणपत्र झळकते त्यावर चित्रपटाची लांबी असते, कात्री लागली असेल तर त्रिकोणाची खूण असते, पण 'का' याचे उत्तर देणारे वाक्य नसते.

अमेरिकन समीक्षकाचा तो विनोद मुळात विडंबन आहे. समोर एक अधिकृत वाक्य आहे, त्याचा ताठ सूर आहे, आणि समीक्षक तोच सूर घेऊन पुढे जातो. आपल्याकडे वाक्यच नाही, तर विडंबन कशाचे करणार? एकट्या अक्षराची थट्टा होत नाही.

पुरावा म्हणून दोन प्रसंग पाहा. २०१६ मध्ये 'द जंगल बुक'ला यूए मिळाले. थ्रीडीमधील प्राणी प्रेक्षकांच्या अंगावर येतात आणि मुले घाबरतील, हे स्पष्टीकरण मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी वर्तमानपत्रांना दिले तेव्हा कुठे लोकांना कळले, आणि त्याच दिवसापासून त्यावर विनोद सुरू झाले. २०१७ मध्ये 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला प्रमाणपत्र नाकारणारे मंडळाचे पत्र बाहेर आले. कथा स्त्रियांच्या बाजूची आहे आणि त्यांच्या कल्पना आयुष्याच्या वरच्या आहेत, अशा अर्थाची वाक्ये मोडक्या इंग्रजीत त्यात होती. ते पत्र हाती पडताच देशातला प्रत्येक समीक्षक विनोदी लेखक झाला. पुढे अपील न्यायाधिकरणाने काही काटछाटीसह 'ए' देऊन चित्रपट मोकळा केला. सांगायचे एवढेच, की आपल्या समीक्षकांत विनोदबुद्धीची उणीव नाही. मंडळाने वाक्य लिहिण्याची उणीव आहे.


शेवटची रांग

वकीलसाहेब, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. धागा काढल्याचे सार्थक झाले.


ताकापुरते रामायण

सर्वांशी थोडा असहमत आहे. 'खून, बलात्कार आणि धूम्रपान' अशी यादी करून शेवटच्या शब्दावर हशा मिळवणे मला बरे वाटत नाही. यादी एका श्वासात वाचली की तिच्यातली प्रत्येक गोष्ट सारख्याच वजनाची होते. ज्या वाचकाच्या आयुष्यात यादीतला दुसरा शब्द घडून गेला आहे त्याला तिसऱ्या शब्दावर हसू येईल का? पालकांसाठीची सूचना ही औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखी असावी. त्या चिठ्ठीवर कोणी कोटी केलेली मी पाहिलेली नाही.


दोन मुलींची आई

बलात्काराबद्दल आपले म्हणणे पूर्ण मान्य आहे. त्या शब्दाशेजारी विनोद नकोच. मी वाचलेल्या चांगल्या समीक्षकांनी तिथे तो केलेलाही नाही. अशा चित्रपटांखालची त्यांची ओळ सरळ आणि कोरडी असे.


वकीलसाहेब

औषधाच्या चिठ्ठीची उपमा मात्र उलटी पडते. सगळे एका वजनाचे करणारी ती यादी समीक्षकाने शोधलेली नाही, मंडळाने शोधली आहे. २००७ पासून अमेरिकेच्या मंडळाने धूम्रपानही विचारात घ्यायचे ठरवले, आणि तेव्हापासून मुडदे आणि सिगारेटी एकाच ओळीत शेजारी येऊ लागल्या. समीक्षक ती ओळ किंचित मोठ्याने वाचून दाखवतो, एवढेच. हसू येते ते मंडळाच्या तराजूचे.

त्या तराजूचा नमुना म्हणजे २०१० चा 'द किंग्ज स्पीच'. तोतरेपणाशी झगडणारा राजा उपचाराचा भाग म्हणून काही वेळ शिव्या देतो, म्हणून अमेरिकेत या चित्रपटाला आर. अडीच तास माणसे मारणारे चित्रपट मात्र पीजी-१३ घेऊन सुखाने चालतात, कारण एक विशिष्ट शिवी त्यांत एकदाच येते. ब्रिटनने 'किंग्ज स्पीच'ला आधी १५ (पंधरा वर्षांखालील मुलांना बंदी) दिले आणि मग समजूतदारपणे १२ए (बारा वर्षांखालील मुले मोठ्यांसोबत) वर आणले. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्या वेळी सरळ लिहिले, की हा किशोरांसाठी उत्तम चित्रपट आहे. तिथे ते विनोदाच्या वाटेला गेले नाहीत. जिथे राग पुरेसा होता तिथे त्यांनी तोच वापरला.


ताकापुरते रामायण

तराजूचा मुद्दा पटला. चिठ्ठीचा मुद्दा अजून सोडलेला नाही.


उपशीर्षक

मी चित्रपट आणि मालिकांच्या मराठी उपशीर्षकांचे काम करते. २०२१ च्या नियमांनंतर घरबसल्या पाहण्याच्या चित्रपटांवरही वयोगट आणि आशयाचे वर्णन देणे बंधनकारक झाले. म्हणजे वकीलसाहेबांना हवे असलेले वाक्य आता आपल्याकडेही आले आहे, निदान त्याचे तुकडे तरी. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत 'हिंसा', 'मादक पदार्थ' असे शब्द उमटतात आणि त्यांतच एक शब्द असतो 'लँग्वेज'.

माझे सासरे निवृत्त मराठीचे शिक्षक. पहिल्यांदा तो शब्द वाचून ते म्हणाले, 'चित्रपटात भाषा आहे, हे धोक्याचे लक्षण कधीपासून झाले?' मी समजावले, की म्हणजे अपशब्द. त्यावर त्यांचे म्हणणे पडले, की मग तसे लिहावे. भाषेची बदनामी कशाला? तेव्हापासून आमच्या घरी कोणी 'मी तुझी मदत करतो' असे म्हटले, की सासरे वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून 'भाषा' एवढेच म्हणतात.


बोरूबहाद्दर

या नियमाने मराठी वृत्तवाहिन्यांवर दिवसभर वरच्या कोपऱ्यात 'भाषा' ठेवावे लागेल.


कात्रीवाला

थोडे विषयांतर होईल, पण धूम्रपानावरून आठवले. आपल्याकडे पडद्यावर कोणी सिगारेट शिलगावली की खाली इशाऱ्याची ओळ येते, शिवाय सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर जाहिरात. २०१३ मध्ये वूडी ॲलन यांनी त्या ओळीला नकार देत आपला 'ब्लू जॅस्मिन' भारतात प्रदर्शितच होऊ दिला नाही. खलनायक दहा माणसे कापतो तेव्हा खाली काहीच येत नाही आणि दमून त्याने विडी पेटवली की ओळ येते. मंडळाच्या तराजूचे भारतीय भावंड आहे ते.


मध्यंतर

विषयांतर नाही ते. आमच्या वेळी दादा कोंडके यांच्या चित्रपटांनी हाच तराजू वाकवून दाखवला होता. वाक्याचा सरळ अर्थ इतका निरागस, की कात्री कुठे लावावी हे कळू नये आणि प्रेक्षागृह तर हसून कोसळलेले. अशा चित्रपटाचे 'आक्षेपार्ह काय' हे कागदावर लिहायला बसले, तर लिहिणाऱ्याचेच मन आक्षेपार्ह ठरते. मला वाटते, वाक्य न लिहिता अक्षरावर भागवण्यात मंडळाची तीही सोय असेल.


इंद्रायणीकाठ

चर्चा पुष्कळ झाली. धागालेखकांना मराठीत ओळ हवी आहे, तर लिहून पाहू या. खऱ्या चित्रपटांची नावे नकोत, जातकुळीवर लिहावे. माझ्यापासून सुरुवात करतो.

ऐतिहासिक: यूए. तलवारी मंद गतीने चालतात. घोड्यांना कोणतीही इजा झालेली नाही, इतिहासाला किरकोळ झाली आहे.


बोरूबहाद्दर

शहरी नातेसंबंध: यू. पुण्यातील एका सदनिकेत चार माणसे दोन तास बोलतात. एकदा चहा सांडतो.


उपशीर्षक

भयपट: यूए. वाड्यातील वीज तीन वेळा जाते, त्यांपैकी दोनदा भुतामुळे. माजघरातील पाळणा रिकामा असताना हलतो आणि ते दृश्य लांबलचक आहे.


कात्रीवाला

ग्रामीण राजकारण: ए. दोन सरपंच, एक विहीर आणि गुलालाचा प्रमाणाबाहेर वापर. भाषा कोल्हापुरी आहे आणि तिखटाच्या प्रमाणाबद्दल निर्माते जबाबदार नाहीत.


मध्यंतर

कौटुंबिक: यू. सासू वाईट आहे. सुनेचा पहिला हुंदका विसाव्या मिनिटाला येतो आणि शेवटचा हुंदका तुम्ही स्कूटरवर बसल्यावर. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' पाहायला आलेल्या बायकांना पाहून हे वाक्य सुचले आहे. तेव्हा एखाद्या पाटीवर हे लिहायची बुद्धी झाली असती, तर मालकांनी बाहेर रुमालही विकले असते.


शेवटची रांग

सगळ्यांच्या ओळी आवडल्या, पण परीक्षक म्हणून बोलायचे तर सारख्या आवडल्या नाहीत. इंद्रायणीकाठ यांचे वाक्य मला सर्वांत जास्त हसवून गेले, पण ते एका नव्हे, पन्नास चित्रपटांना चिकटेल. तो समीक्षकाचा शेरा झाला. गुलालाच्या वाक्यात तिखट शेवटी ओढून आणलेले आहे, आधीच थांबायला हवे होते. चहा सांडतो ते वाक्य उत्तम, कारण त्यावरून चित्रपटाची गती नेमकी कळते. आणि रिकाम्या पाळण्याचे वाक्य या सर्वांत थोर. त्यात विनोद पहिल्या वाक्यात संपतो आणि दुसऱ्या वाक्यात खरी सूचना येते.


दोन मुलींची आई

मी या पाचही ओळी थोरलीला वाचून दाखवल्या. ती आता बारा वर्षांची आहे. चार ओळींवर हसली. पाळण्याच्या ओळीवर आधी हसली आणि मग म्हणाली, 'आई, हा मी नाही बघणार.'


ताकापुरते रामायण

माझी चिठ्ठी मी खिशात ठेवतो. पाळण्याच्या ओळीवर माझी हरकत नाही.


शेवटची रांग

दहा दिवसांनी परत येतो आहे. आमच्या उपनगरातील चित्रपट मंडळ दर महिन्याला एक जुना मराठी चित्रपट दाखवते आणि त्याचे एक पानी पत्रक मी लिहितो. या वेळी धाडस करून शेवटी एक ओळ घातली: 'यू. दुसऱ्या मिनिटाला बैल आजारी पडतो आणि दहाव्या मिनिटाला मरतो; त्यानंतर चित्रपटात कोणालाही इजा होत नाही, सावकार वगळता.' आमच्या अध्यक्षांनी 'सावकार वगळता' हे शब्द काढायला लावले, कारण त्यामुळे शेवट फुटतो. बाकीची ओळ राहिली.

रविवारी खेळ वेळेवर सुरू झाला तेव्हा पहिल्या दोन रांगा रिकाम्या होत्या. मला वाटले, पावसामुळे लोक आले नाहीत. बरोबर अकराव्या मिनिटाला दार उघडले आणि तीन कुटुंबे, एकूण सात मुले, ओळीने आत येऊन शांतपणे बसली. त्यातल्या एका आजोबांनी बसता बसता माझ्याकडे वळून हळूच विचारले, 'झाले ना बैलाचे?'


मध्यंतर

अकराव्या मिनिटाला येणाऱ्यांकडून पूर्ण तिकीट घेतले की नाही, ते लिहिलेले नाही. द्वारपालाला ते आधी कळायला हवे.